दोनदा वाजलं तर

"नीट ऐक. मला येणारे फोन फुकट आहेत, पण तू लावलास की तुझे पैसे कापले जाणार. परदेश आहे तो." लखनऊच्या अमौसी विमानतळाबाहेर ढकलगाडीवरची बॅग सावरत सदाशिवराव सांगत होते. "आणि माझ्या पॅकमध्ये फोन करायला मिनिटं मोजकीच आहेत, ती अडीअडचणीला ठेवतो. म्हणजे आपलं नेहमीचंच. एकदा वाजवून ठेवलंस तर सगळं ठीक. दोनदा वाजलं तर मी लगेच करतो."

"आणि घराचं?" सुलभाने विचारलं.

"तेच सांगतोय. घर घेणाऱ्यांना शुक्रवारी उत्तर द्यायचंय. अभिरामशी बोलतो, मग कळवतो त्यांना. तुला काही म्हणायचं असेल तर दोनदा वाजव. नाहीतर एकदा."

"आत्ताच सांगितलं तर?"

"अंकल, आगे बढ़िए ना," मागून कुणीतरी म्हणालं. रांग सरकली, तिच्याबरोबर सदाशिवरावही सरकले. काचेपलीकडून त्यांनी हात वर केला. दुबईला मुलाकडे पोचायच्या घाईत तो हात निरोपाचा होता की 'नंतर बोलू' असं सांगणारा, हे तिला उमगलं नाही.

परतीच्या मेट्रोत ती खिडकीपाशी बसली. मुन्शीपुलियाकडे जाणारी गाडी जमिनीखालून वर आली आणि डब्यात एकदम ऊन भरलं. इंदिरा नगरातलं घर विकायचं नाही, एवढंच तिला सांगायचं होतं. वाक्य लहान होतं, पण ते बोलायची सवय तिला कधी लागलीच नव्हती.

लग्न झालं तेव्हा सदाशिवराव रेल्वेत पुलांच्या कामावर होते. गोंडा, झाशी, बाराबंकी. नदीकाठच्या कामावरून स्टेशनमास्तरच्या फोनवर निरोप यायचा आणि रेल्वेचा एखादा कामगार दारात उभा राहून सांगायचा, "साहब ठीक हैं, मेमसाब." पुढे एसटीडीचे बूथ आले. बूथमधल्या बिलाच्या लाल आकड्यांकडे डोळे लावून बोलताना वाक्यं आपोआप आखडत जायची. "बरं आहे ना?" "हो." "अभिराम?" "बरा." मग मोबाइल आला आणि एवढंही बोलणं उरलं नाही, एक रिंग वाजायची आणि थांबायची. तिच्या संसाराचा मोठा भाग अशा थांबलेल्या रिंगांमध्ये गेला होता. सासू गेली तेव्हा दोनदा वाजलं होतं. अभिराम दुबईत नोकरीला लागला तेव्हाही दोनदा. स्वतःसाठी मात्र तिने कधीच दोनदा वाजवलं नव्हतं.

गुरुवारी तिला घरात एका जागी बसवेना. चहा टाकला आणि प्यायला विसरली. कपाट उघडलं, कशासाठी उघडलं ते आठवेना म्हणून बंद केलं. बदल्यांच्या गावांमधल्या सरकारी क्वार्टरांना तिने कधी घर म्हटलं नव्हतं. भिंतीत खिळा ठोकायचा तरी परवानगी लागायची. इथे तिने खिळे ठोकले होते. अभिराम म्हणाला होता, "आई, तिथं एकटं राहून करणार काय? इकडे या दोघं." बोलण्यात प्रेम होतं. म्हणूनच त्याला नाही म्हणणं जड जात होतं.

शुक्रवारी सकाळी देवापुढे दिवा लावून तिने बटणांचा तो जुना फोन हातात घेतला. नंबर लावला. पलीकडे रिंग वाजली. नेहमीच्या सफाईने तिने फोन ठेवला. पुन्हा लावला.

"आप जिस व्यक्ति से संपर्क करना चाहते हैं, वह अभी नेटवर्क क्षेत्र से बाहर हैं."

तिने पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई, तसाच निर्विकार आवाज. दुपारपर्यंत ती लावत राहिली. एकच रिंग पोचली होती. एकच. म्हणजे दुबईत त्याचा अर्थ 'सगळं ठीक' असाच झाला होता.

उन्हं उतरल्यावर तिला राहवेना. शेजारच्या गीताचं दार तिने वाजवलं. गीता बँकेत अधिकारी होती, नागपूरची. नुकतीच घरी येऊन पर्सही न ठेवता तिने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"सुलभाताई, हद झाली हं तुमची! भाऊजींचा नंबर कुठला? लखनऊचाच ना?"

"हो."

"मग तुम्ही लावला की तो इथलाच कॉल. तुमचं रिचार्ज अनलिमिटेड आहे, मीच तर करून देते. आणि त्यांना इनकमिंग फ्री. दोघांनाही एक पैसा पडत नाही, यार! घंटाभर बोला. भांडा हवं तर."

"भांडायला जमेल का गं?"

"आता फुकट आहे, शिकून घ्या," गीता हसली. मग तिचा चेहरा पाहून हसायची थांबली. "लावा आधी. घरी जा आणि लावा."

घरी येऊन सुलभाने नंबर लावला. या वेळी रिंग वाजू दिली. वाजत राहणारी रिंग इतकी लांब असते हे तिला ठाऊक नव्हतं.

"अगं, काय झालं? ठेव, मी करतो."

"ठेवू नका. तुम्हाला फुकट आहे, मलाही फुकट आहे. गीताने सांगितलं."

"असं होय?" ते थोडे खजील झाले. "सकाळी अभिराम वाळवंट दाखवायला नेत होता, तेव्हा गाडीत तुझी रिंग आली आणि लगेच रेंज गेली. दिवसभर तिथं रेंजच नव्हती. परतल्याबरोबर त्यांना हो कळवून टाकलं."

"मी दोनदा लावला होता."

"दोनदा?"

"मला घर विकायचं नाही," ती म्हणाली. आवाज कापला नाही याचं तिचं तिलाच नवल वाटलं.

"अगं, पण मी शब्द दिलाय."

"माहीत आहे. तरी सांगते आहे."

"मग आता काय करायचं?"

एरवी अशा जागी तिने 'बरं, ठेवते' म्हटलं असतं. ती उठली, मागचं दार उघडलं आणि फोन धरलेला हात बाहेर केला. गल्लीत इस्त्रीवाला कपड्यांवर पाणी शिंपडत होता. जड इस्त्री टेबलावर आदळत होती. "लौकी ले लो, तोरई," करत भाजीची हातगाडी वळणावर गेली. गुलमोहरावर पोपटांची जागेवरून भांडणं चालली होती.

"सुलभा? ठेवलास का?"

"नाही," ती म्हणाली. "ऐका."

गाडी लांब गेली. पोपट हळूहळू शांत झाले, तसा तिने फोन पुन्हा कानाला लावला. फोनमधून, समुद्रापलीकडून, खुर्ची ओढल्याचा आणि सदाशिवराव तीत सावकाश बसल्याचा आवाज आला.