बसतो, पण टेकत नाही

माझ्या धाकट्या बहिणीच्या पोटात माझी एक किडनी आहे, आणि ही गोष्ट मी तिला विसरू देत नाही. तिने जेवताना वरून मीठ घेतलं की मी म्हणते, "माझी किडनी आहे ती, जरा सांभाळून." पाणी कमी प्यायली, जागरण केलं, की माझं तेच पालुपद. तिचा नवरा हसतो. ती हसत नाही. "दिलीस ना एकदा," एवढंच म्हणते.

मी फटकळ आहे हे मला ठाऊक आहे. पण आमची धाकटीही काही कमी नाही. लहानपणी डबा घरी विसरायची आणि वर शाळेत सांगायची, आईने दिलाच नाही. बोलणी आईने खाल्ली. तेव्हापासून तिने काहीही सांगितलं की मी त्यातलं थोडं वजा करूनच ऐकते. आता ती चाळिशीची झाली, तरी माझी वजाबाकी चालूच आहे.

किडनी दुसऱ्याच्या शरीरात गेली की ते शरीर तिला परकी समजून हाकलायला बघतं. तसं होऊ नये म्हणून धाकटीला रोज सकाळ-संध्याकाळ गोळी घ्यावी लागते. गोळी कमी पडली तर शरीर किडनीवर उठतं, जास्त झाली तर गोळीच किडनीला खाते. म्हणून अधूनमधून रक्तात औषध किती आहे ते मोजायचं आणि डॉक्टरांनी त्यावरून गोळी कमी-जास्त करायची. हे मोजमाप इस्पितळाच्या प्रयोगशाळेत होतं आणि ते करते मी. किडनी देणारीही मीच आणि हिशेब घेणारीही मीच. धाकटीच्या नशिबात दोन्हीकडून ताईच आली.

आमचं यंत्र तसं समजायला सोपं आहे. पंप एक द्रव सतत ढकलत असतो. रक्तातून काढलेला अंश त्यात सोडायचा, तो बारीक नळीतून कॉलममध्ये जातो. कॉलम म्हणजे वीतभर लांबीची स्टीलची कांडी, आत बारीक भुकटी गच्च ठासलेली. औषध त्यातून एका वेगाने सरकतं, आणि शरीराने त्याच औषधाचा केलेला चोथा जरा भरभर सरकतो. त्यामुळे दोघं एकामागून एक बाहेर पडतात आणि पडद्यावर दोन डोंगर उठतात, आधी चोथ्याचा, मग औषधाचा. मधे दरी हवी. दरी असली की औषध तेवढं वेगळं मोजता येतं.

जुनं यंत्र कायमचं बंद पडलं आणि नवीन आलं, ते दुसऱ्याच कंपनीचं. कॉलम मात्र आम्ही जुनाच ठेवला, कारण आमची सगळी पद्धत त्याच्यावर बसवलेली. तो नव्या यंत्रावर बसतो का, असं मी यंत्र लावायला आलेल्या इंजिनिअरला विचारलं होतं. तो पाना फिरवता फिरवता म्हणाला, "मॅडम, आटे सगळीकडे सारखेच असतात. कुठलाही कॉलम कुठल्याही यंत्रावर बसतो." त्याने आपल्या यंत्राबरोबर आलेली तयार नळी काढली, कॉलमला लावली, नट आवळला. मी जोडाखाली टिपकागद धरून पाहिला. एक थेंब गळत नव्हता. मग आणखी काय बघायचं?

पेशंटांचे नमुने नव्या यंत्रावर पहिल्यांदा लावले त्या दिवसाची ही गोष्ट. आधी तपासणीचा नमुना लावला. तो म्हणजे निरोगी माणसाच्या रक्तात औषध मोजून घातलेलं असतं, उत्तर आधीच माहीत असतं. उत्तर बरोबर आलं. मग पेशंटांचे नमुने गेले, त्यात धाकटीचाही होता. बाकीच्यांचे नेहमीचे आकडे मला पाठ नाहीत, पण तिचा आहे, आणि तो नेहमीच्या दीडपट आला.

मला भीती वाटली की आधी राग येतो, हा माझा जुना रोग. मी फोन लावला.

"सकाळी रक्त द्यायच्या आधी गोळी घेतलीस ना?"

"नाही गं. रक्त दिलं आणि मग तिथेच बाकावर बसून घेतली."

"नीट आठव. गोळी घेऊन रक्त दिलं तर आकडा चढतो, हे तुला शंभरदा सांगितलंय."

"ताई, मला नीट आठवतंय. बाटलीचं झाकण उघडेना, शेजारच्या आजोबांनी उघडून दिलं."

"मग काल रात्री दोनदा घेतली असशील. विसरून."

मला वाटलं, आता रडेल किंवा भांडेल. तिने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. शांतपणे म्हणाली, "तू एक कर. एकदाच. मी खरं बोलतेय असं धरून चाल, आणि मग बघ काय निघतं."

मी काही बोलणार तोच दुसरा फोन वाजला. तो किडनीच्या डॉक्टरांचा होता. रिपोर्ट त्यांच्या पडद्यावर पोचला होता.

"आकडा फारच वर आहे," ते म्हणाले. "आज संध्याकाळपासून गोळी निम्मी करतो."

"डॉक्टर, संध्याकाळपर्यंत थांबता का? मला एकदा तपासू दे."

"तुमची बहीण आहे, मी समजू शकतो. पण आकडा तुमच्याच यंत्राने दिलाय."

"म्हणूनच म्हणते, थांबा. आणि सकाळपासूनचा कुठलाच रिपोर्ट धरू नका."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मीच चपापले. तपासणीचा नमुना बरोबर आलेला असताना मी सगळे रिपोर्ट कशाच्या जोरावर थांबवले? एका वेंधळीच्या शब्दावर. पण आता उचलली होती जीभ, तर निस्तरणंही भाग होतं. आकडा खोटा असेल आणि गोळी निम्मी झाली, तर तिचं शरीर किडनीवर उठणार. आकडा खरा असेल आणि गोळी तशीच राहिली, तर गोळी किडनी खाणार. दोन्हीकडून मरण धाकटीचंच.

मी ती खरं बोलतेय असं धरलं. सांगायला लाज वाटते, पण मला ते जड गेलं. मग पडद्यासमोर बसले आणि या वेळी आकड्याकडे न बघता डोंगराकडे बघितलं.

औषध जास्त असतं तेव्हा डोंगर उंच होतो. हा उंच नव्हता, लठ्ठ होता. मागची बाजू लांबच लांब उतरत गेलेली, आणि दोन डोंगरांमधली दरी भरून गेलेली. यंत्राने दोघांना एकच समजून चोथाही औषधात मोजला होता. तपासणीचा नमुना पुन्हा उघडला. तोही जरा लठ्ठच होता. पण त्यात औषध नुसतंच घातलेलं, कुणाच्या शरीरातून गेलेलं नाही, म्हणजे चोथा नाहीच. मिसळायला कुणी नाही, मग उत्तर बरोबर येणारच. हुशार विद्यार्थ्याला सोपा पेपर देऊन शिक्षक खूश, तशी गत.

दोन्ही नमुने लठ्ठ होतात, म्हणजे वाटेत कुठेतरी पोकळी आहे, जिथे द्रव रेंगाळतो आणि मिसळतो. पंप बंद केला आणि कॉलमचा जोड उघडला.

नळीवर स्टीलची एक छोटी कडी असते, तिला आम्ही फेरूल म्हणतो. नट आवळला की ती नळीला कायमची चावते, मग सरकत नाही. पहिल्यांदा ज्या कॉलममध्ये आवळली, त्याच्या भोकाची खोली ती धरून बसते. इंजिनिअरची तयार नळी त्याच्या कंपनीच्या कॉलमच्या मापाची होती. कडीपुढे तिचं टोक आखूड. आमच्या कॉलमचं भोक खोल. कपाटात जुन्या यंत्राची नळी पडली होती, ती शेजारी धरून पाहिली. टोकात चांगला तांदळाच्या दाण्याएवढा फरक.

आटे सारखे, म्हणून नट बसला. कडी घट्ट, म्हणून गळलं नाही. पण नळी आत तळाला टेकलीच नव्हती, पोकळी राहिली होती ती तिथेच. इंजिनिअर खोटं बोलला नव्हता. बसतो का, असंच मी विचारलं होतं. टेकतो का, हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

चावलेली कडी काढता येत नाही. मी नळीचं टोक कडीसकट कापलं, नवी कडी चढवली, नळी आमच्या कॉलममध्ये तळाला टेकेपर्यंत दाबून धरली आणि दाब न सोडता नट आवळला. मग तपासणीचा नमुना पुन्हा लावला. डोंगर सडपातळ आला. मग फ्रीजमधलं धाकटीचं उरलेलं रक्त घेतलं, आणि ते लावून हात मांडीवर ठेवून बसले.

त्या वेळात मला तिची पिवळ्या झाकणाची पाण्याची बाटली दिसत राहिली, आणि झाकण उघडून देणारे ते आजोबा. खोटं बोलणारा माणूस आजोबा कशाला घालेल मधे? हे मला फोनवरच कळायला हवं होतं.

पहिला डोंगर उठला, उतरला, रेघ खाली तळापर्यंत आली. मग दुसरा उठला. आकडा नेहमीचाच होता. मी डोळे पुसले आणि डॉक्टरांना कळवलं. गोळी आहे तेवढीच ठेवायची ठरली. बाकीच्यांचेही नमुने परत लावले, आणि मग धाकटीला फोन केला.

"गोळी नेहमीएवढीच घे. आकडा चुकला होता."

"कुणाचा?"

"यंत्राचा. माझा. नळी टेकली नव्हती, ते राहू दे, तुला नाही कळायचं. तू खरं बोलत होतीस."

"हे जरा जोरात म्हण, हे इथेच बसलेत."

"आगाऊपणा करू नकोस. दिवसभरात पाणी किती प्यायलीस?"

"प्यायले गं बाई. माहितीये मला, तुझी किडनी आहे."

"तुझी," मी म्हटलं.

"काय?"

"तुझी किडनी आहे. पाणी पी."

पलीकडून ती हळूच म्हणाली, "ताई, तुला बरं वाटत नाहीये का?"