धावता येईल एवढी सैल

टेलर मास्तरांना बायकोच्या जॉगिंगचं काही वाटत नव्हतं. सलत होतं ते तिचं बोलणं.

तीस वर्षं सकाळचा पहिला चहा दोघांनी शिवणयंत्राशेजारी बसून घेतला होता. मास्तर कापडावर खडूने रेघा ओढायचे आणि ती साऱ्या गल्लीची बित्तंबातमी सांगायची. मास्तर नुसतं ‘हं’ म्हणायचे, पण त्या गप्पांवर त्यांचा दिवस उभा असायचा. आता ती उजाडताच बागेत जायची, तीही शेजारच्या गोळीवाल्यांबरोबर. चौकात औषधाचं दुकान, म्हणून गल्लीने त्यांना दिलेलं हे नाव. एकटा जीव, रक्तात साखर आणि जिभेवर त्याहून जास्त.

“पळताना कसल्या एवढ्या गप्पा मारता?” मास्तरांनी एकदा विचारलंच.

“पळतंय कोण? जॉगिंग करतो आम्ही. गोळीवाले म्हणतात, बोलता येतं तोवर जॉगिंग. दम लागून तोंड बंद पडलं की ते धावणं.”

“म्हणजे गप्पांसाठीच जाता म्हणा ना. पाय आपले तोंडी लावायला.”

ती खळखळून हसली. मग चहाला बसली, पण सांगण्यासारखं तिच्यापाशी काही उरलंच नव्हतं. सगळं बागेत सांडून आली होती.

त्या दुपारी ती बहिणीकडे गेली, तेव्हा मास्तरांनी तिची निळी ट्रॅक पँट खुंटीवरून काढली. त्यांनीच शिवलेली होती. कात्री चालवणाऱ्या माणसाला सूडही मापातच सुचतो. मांडीपासून गुडघ्याच्या खालपर्यंत त्यांनी दोन्ही पाय आवळले आणि वर दुहेरी शिलाई मारली. पायच उचलला नाही तर कंटाळून घरी बसेल, असा हिशेब. पळणं काय आणि जॉगिंग काय, मास्तरांच्या लेखी दोन्ही एकच होतं. आयुष्य बैठ्या कामात गेलेलं.

दुसऱ्या दिवशी ती घरी आली ती फुललेल्या चेहऱ्याने.

“अहो, काय जादू केलीत? आज कापड मध्येमध्ये आलं नाही की फडफडलं नाही. गोळीवाले म्हणाले, जॉगिंगला लहान पावलंच टाकायची असतात. या पँटीत ती आपोआप पडतात!”

मास्तरांचं तोंड पाहण्यासारखं झालं. वर संध्याकाळी गोळीवाले स्वतःची पँट घेऊन दारात हजर.

“मास्तर, वहिनींसारखीच करून द्या. तुमचा हात म्हणजे सोनं!”

“पोट आत ओढू नका,” टेप कमरेभोवती आवळत मास्तर म्हणाले. “सोडलंत की टाके तुटतील.”

“वहिनी म्हणतात तेच खरं. मास्तर कमी बोलतात, पण बोलले की टाचणी.”

म्हणजे बागेत आपल्यावरही बोलणं होतं! मास्तरांना त्या रात्री घास गोड लागला नाही.

असेच काही दिवस गेले. मग एका सकाळी ती उशिरा परतली. तळहात सोललेले, हनुवटीवर खरचटलेलं. मास्तर ताडकन उठले.

“गोळीवाल्यांची साखर उतरली,” ती खुर्चीत बसत म्हणाली. “बोलता बोलता घामाघूम झाले आणि मटकन खालीच बसले. जवळ कुणी नाही. मी फाटकापलीकडच्या दुकानाकडे धावत सुटले, गोड काहीतरी आणायला. दोनदा आपटले. गुडघ्यापाशी कुणी धरून ठेवल्यासारखं होत होतं. शेवटी खुरडत गेले. आता बरे आहेत, पण आणखी उशीर झाला असता तर?”

मास्तर कापूस आणि पाणी घेऊन आले. ते तिचे हात पुसू लागले. लाज वाटत होती, पण लाजेच्याही वर एक गोष्ट तरंगत होती. ही त्याच्यासाठी धावली.

“माझ्यासाठी कधी धावलीस का गं?” शब्द तोंडातून निसटले.

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही कधी जागचे हललात का? बसलेल्या माणसासाठी कुठून कुठे धावायचं?” मग तिची नजर पँटीच्या शिवणीवर गेली आणि तिथेच थांबली. “ही तुम्ही मुद्दाम आवळलीत?”

“हो.”

“कशाला?”

“तू लांब जाऊ नयेस म्हणून.”

“शिवण मात्र पक्की तुमची,” ती म्हणाली. “माझी कातडी सोलली, टाका एक उसवला नाही.”

ती साडी नेसून आली आणि तिने पँट त्यांच्या पुढ्यात टाकली. मास्तरांनी निमूटपणे दुहेरी शिलाई उसवली, नव्याने टाके घातले.

“घालून बघ,” ते म्हणाले.

ती पँट घालून आली. मास्तर टेप घेऊन तिच्या पायाशी बसले.

“टाक पाऊल.”

तिने टाकलं. सवयीने लहानच. गुडघ्याशी कापड ताणतंय का ते मास्तरांनी चाचपून पाहिलं. एवढ्यावर थांबता आलं असतं. बाहेर गोळीवाल्यांच्या दाराची कडी वाजली, तशी तिची मान तिकडे वळली. मास्तरांनी हातातला टेप आणखी सैल सोडला.

“आणखी मोठं टाक,” ते म्हणाले.