कोरडा केर

१२ मार्च. सकाळपासून रखरखीत ऊन, वाऱ्याची झुळूकही नाही. त्या दिवसाचं सांगतोय तो मी, धान्याच्या गोदामातला झाडू.

मी गवताच्या काड्यांचा. एका म्हाताऱ्या कारागिराने मला मुठीत आवळून तारेचे चार वेढे घातले आणि म्हणाला, "टिकशील बाबा." टिकलो. तेच वाईट झालं.

गोदामात मी मावशीच्या हाती आलो. हजेरीपटावर तिचं नाव होतं, पण सगळ्यांची ती मावशीच. एकोणीस वर्षं रोजंदारीवर. माझ्यावाचून माणसांचा दिवस सुरू होत नाही, पण मी नजरेला पडलो की नाकं मुरडतात. मावशी तेवढी मला नीट खिळ्याला टांगायची. "तुझी तरी कंबर शाबूत राहू दे," म्हणायची.

मागची खोली पाच महिने बंद होती. आत उंदरांचं राज्य. भिंतीकडेने लेंड्यांचे थर, मुताचा उग्र दर्प. फेब्रुवारीत आरोग्यसेविका बजावून गेली होती, "यात विषाणू असतो. वाळला की धुळीबरोबर उडून नाकात जातो. ताप येतो, मूत्रपिंडं बिघडतात. कोरडं झाडू नका. आधी जंतुनाशकाचं पाणी शिंपडा, थोडं थांबा, मग ओल्या फडक्याने पुसा."

तपासणी दोन दिवसांवर आली, तशी मावशीने बादली भरली. गोदामप्रमुख दारातच आडवा आला.

"पाणी? इथे उद्या पोती लागणार. ओल धरली तर तू निस्तरणार?"

"साहेब, त्या बाईंनी सांगितलंय..."

"तुला कायम त्या बाई करणार का मी? अर्ज माझ्या टेबलावर आहे. खोली आरशासारखी दिसू दे, लगेच सही करतो."

पोती उतरवणारा हमाल हसला. "मावशी, उंदरांना दोन दिवस पाहुणे म्हणून घरी ने!"

"तुलाच कोंडते त्यांच्यात, थांब मेल्या."

तिने बादली बाहेर ओतली, तोंडाला फडकं बांधलं आणि मला उचललं. उकाड्याने दहा मिनिटांत फडकं गळ्याशी आलं. धूळ उठली. खिडकीतल्या उन्हात ती छान चमकत होती. मावशी खोकत होती आणि मी झाडत होतो. मला दुसरं काही येतच नाही.

तपासणीत शेरा मिळाला: 'स्वच्छता उत्तम.' सही मात्र 'बघू'वर गेली.

२९ मार्चला मावशीला ताप भरला. डोकं आणि कंबर ठणकत होती, तरी ती दोन दिवस कामावर आली. खाडा पडला तर अर्ज मागे पडेल, ही भीती. तिसऱ्या दिवशी इस्पितळात नेलं. हमाल रोज बघून यायचा. "डोळे लालभडक झालेत. लघवी बंद आहे," एवढंच सांगायचा. त्याच्या तोंडी आता थट्टा नव्हती.

बंद खोली उघडाल तेव्हा एवढं करा: दारं-खिडक्या उघडा, वारा खेळू द्या, जंतुनाशकाचं पाणी शिंपडा, थोडं थांबा, ओल्या फडक्याने पुसा. मला हात लावू नका. मी कोपऱ्यात पडून राहिलो तर माझा काही अपमान होत नाही.

३ एप्रिलला अर्जावर सही झाली. ७ एप्रिलला, सकाळी सव्वानऊला, मावशी वारली. दाखल्यावर कारण लिहिलं आहे: मूत्रपिंडं निकामी.