डाव्या वेढ्याच्या गोगलगायी

हॅटवाल्यांनी तळ्याकाठी आणलेल्या घडीच्या खुर्चीला पाण्याची बाटली ठेवायला खोबण होती, ब्रशांसाठी खिसे होते आणि वर उन्हासाठी छत्री होती. चित्रकार बसवायचा तेवढा राहून गेला होता. ते स्वतः खुर्चीच्या शेजारी उभे राहून, बायकोने धरलेल्या फोनकडे बघत सांगत होते, "निसर्ग हाच माझा स्टुडिओ."

तेवढ्यात बेडूक ओरडला. हॅटवाले थांबले.

"ह्याला जरा गप्प करता येईल का?" त्यांनी मला विचारलं.

"स्टुडिओ त्याचा आहे," मी म्हटलं. ते त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांच्या बायकोला गेलं. फोन हलला आणि सगळं पहिल्यापासून बोलावं लागलं.

मी नेहमीसारखी खताच्या रिकाम्या गोणीवर बसले होते. त्या गोणीवर माझी तीन वर्षं गेली होती. मुलांसाठी पुस्तक निघणार होतं: ह्या एका तळ्यातले आणि काठावरचे चाळीस जीव. चाळीसच्या चाळीस चित्रं माझी. पहिल्या दिवशी संपादक मला म्हणाली होती, "ताई, मुखपृष्ठही तुमचंच." सव्वीस वर्षं मी पुस्तकांच्या आत राहत आले. दारावर कायम दुसऱ्याची पाटी. ह्या खेपेला दार माझं असणार म्हणून मी मुखपृष्ठाचे अकरा आराखडे करून ठेवले होते.

मग एक दिवस तिचा फोन आला. "ताई, विक्रीवाले म्हणतायत, वर नाव पाहिजे."

"मला आहे की नाव."

"तसं नाही हो. ओळखीचं." मग म्हणाली, "आणि मुखपृष्ठ काढणाऱ्या सरांना तळं दाखवाल का? तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही."

मी हो म्हटलं. नाही म्हणायची सवय मला उशिरा लागली आणि अजून नीट मुरलेली नाही. आमचे हे घरातून निघताना म्हणाले, "वा! सवतीला हाताला धरून घर दाखवायला निघालीस."

तर असा तो सोहळा. हॅटवाल्यांचे गमबूट इतके नवे होते की एकाला आतून किमतीची चिठ्ठी लटकत होती. चिखल दिसला की ते त्याला वळसा घालून जात. तळ्याला वळसा घालून तळं बघणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला निदान उंटावर तरी बसता येतं.

मी त्यांना बोरूच्या देठांवर चिकटलेल्या गोगलगायी दाखवल्या. ते "अप्रतिम" म्हणाले आणि फोटो काढले. खंड्याची फांदी दाखवली. "अप्रतिम", फोटो. मग बायकोने सांगितलं की चित्र काढतानाही थोडं हवं, म्हणून ते खुर्चीत बसले, कोरा कागद घेतला आणि कोपऱ्यात सही केली. त्यांची सही म्हणजे मांजरीने खेळून सोडलेली लोकर. बायकोने ती तीन बाजूंनी टिपली. चित्रीकरण संपलं.

हॅटवाले डास मारत गाडीकडे गेले. बायको माझ्या वहीत डोकावली. "तुम्ही इथेच पूर्ण करता?"

"हो."

"बाई गं. आमच्याकडे सगळं घरी. फोटो छापायचा, ट्रेसिंग पेपरवर रेघा उतरवायच्या, की तो पालथा घालून घासला चांगल्या कागदावर. हातासरशी दहा होतात." मग हळूच म्हणाली, "घासायला मीच असते. ह्यांचा खांदा दुखतो."

हा पालथा घालण्याचा उद्योग मी सोळाव्या वर्षी करून बसले आहे. मला कुणी शिकवलं नाही, त्यामुळे चुका मात्र सगळ्या स्वतः शोधून काढलेल्या. माझं पहिलं छापलेलं चित्र शिंप्याचं होतं, असंच पालथ्या कागदाने उतरवलेलं. माझा मामा शिंपी. मी नाचत त्याला दाखवायला गेले. त्याने चष्मा लावला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "चित्र झकास आहे. फक्त ह्या मशीनचं चाक डावीकडे आहे. ह्यावर शिवायचं तर मला आधी हात काढून उलटे बसवावे लागतील." पालथा कागद डाव्याचं उजवं करतो, हे तेव्हा कळलं. त्या दिवसापासून माझा नेम: वस्तूसमोर बसल्याशिवाय रेघ नाही. गोणी तिथून आली.

तीन आठवड्यांनी संपादिकेने मुखपृष्ठाची छापील प्रत घरी पाठवली. "बघून घ्या," असं लिहिलं होतं. म्हणजे बघायचं, बोलायचं नाही.

चित्र देखणं होतं. खोटं कशाला बोलू? रंग असे की जीभ लावावी. आणि पुढेच, बोरूच्या देठावर, एकाखाली एक चार गोगलगायी.

आमच्या तळ्यातल्या ह्या गोगलगायींचा शंख टोकाकडून पाहिला, तर वेढे घड्याळाच्या काट्यांसारखे फिरत मोठे होत जातात. हॅटवाल्यांचे चारही शंख काट्यांच्या उलटे फिरत होते. हजारात एखादी गोगलगाय तशी निघते म्हणतात. तीन वर्षांत मला एकही दिसली नाही. ह्यांना चाळीस मिनिटांत चार भेटल्या, त्याही रांगेत.

आमच्या ह्यांना इतका आनंद मी बऱ्याच वर्षांत दिला नव्हता. "गप्प बस," ते म्हणाले. "छापू दे. नाव त्यांचं, शोभा त्यांची."

मलाही तेच हवं होतं. दोन दिवस मी तो आनंद तोंडात लिमलेटच्या गोळीसारखा घोळवला. तिसऱ्या दिवशी तो कडू झाला. कुठलं तरी पोर हे पुस्तक घेऊन तळ्यावर जाणार, गोगलगाय उचलणार, मुखपृष्ठाशेजारी धरणार. आणि मुखपृष्ठच खोटं निघालं की आतल्या माझ्या बेडकावर ते कशाला विश्वास ठेवेल? त्या बेडकाच्या पायांची बोटं मी गुडघाभर पाण्यात उभी राहून मोजली आहेत. दार त्यांचं, पण घर माझं होतं.

सकाळी तळ्यावर गेले, एक गोगलगाय डब्यात घेतली, आणि थेट संपादिकेच्या टेबलावर, हॅटवाल्यांच्या चित्राशेजारी ठेवली.

"अगं बाई, ही चालतेय!" संपादक खुर्चीसकट मागे सरकली.

"चालणारच. ती फोटो नाही. शंख बघा आणि चित्र बघा."

तिने बघितलं. मान वाकडी करून परत बघितलं. हुशार मुलगी आहे, फक्त विक्रीवाल्यांना भिते. तिने हॅटवाल्यांना फोन लावून स्पीकरवर टाकला आणि अडखळत सगळं सांगितलं.

"कोण म्हणतंय?" पलीकडून आवाज आला.

"आतली चित्रं काढणाऱ्या ताई."

"अच्छा, त्या गोणीवाल्या बाई." हॅटवाले हसले. "अहो, कलेत एवढं बघायचं नसतं. वेढे कुठे वळतात हे मोजायला कोण बसलंय?"

"मी," मी म्हटलं. "तीन वर्षं."

मागून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "अहो, मी म्हटलं नव्हतं, कागद पालथा पडतोय म्हणून?" मग फोनवर कुणाचा तरी हात पडला. हात निघाला तेव्हा हॅटवाल्यांना एकदम काम आठवलं होतं. "तिकडेच कॉम्प्युटरवर आडवं फिरवून घ्या. मला पुन्हा विचारू नका, मी प्रवासात आहे."

संपादिकेने बटण दाबलं. पडद्यावर डावं उजवं झालं. चारही गोगलगायी शहाण्यासारख्या सरळ वळल्या, खंड्या ह्या काठावरून त्या काठावर गेला. कोपऱ्यातली लोकरही उजवीकडून डावीकडे आली आणि आरशात बघावी तशी उलटी झाली.

ते मला दिसलं. तिला दिसलं नाही. ती सही सुलटी असतानाही कुणाला कळत नव्हती, तर उलटी कशाने कळणार?

"ताई, नीट बघून सांगा हं. आता छापायलाच जाणार. प्राण्यांत काही चूक राहिलीय?"

मी चष्मा लावला. मामासारखं बराच वेळ बघितलं.

"प्राण्यांत? काही नाही."

जाताना गोगलगाय तळ्यात सोडली.

पुस्तक आलं. प्रकाशनाला हॅटवाल्यांनी त्या उलट्या सहीच्या खाली शंभर प्रतींवर सुलट्या सह्या केल्या. दोन्ही एकाखाली एक असूनही त्यांना स्वतःला काही दिसलं नाही. माझं नाव आत, तिसऱ्या पानावर, नेहमीच्या आकारात.

घरी आमच्या ह्यांनी प्रत हातात घेतली, गोगलगायी एकेक तपासल्या, मग सहीवर बोट ठेवलं. "हे काय लिहिलंय?"

मी त्यांना हाताला धरून बेसिनच्या आरशापुढे नेलं आणि पुस्तक समोर धरलं. "आता वाचा."

त्यांनी डोळे बारीक केले, मान इकडे केली, तिकडे केली.

"नाही गं," ते म्हणाले. "अजूनही नाही लागत."