सहा दोरे तुझे, सहा माझे

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. माझ्या शेजारच्या पंख्याचासुद्धा बसत नाही, आणि तो तर जन्मभर माझ्याच अंगावर वारा घालत आला आहे. मी एक जुना प्रोसेसर आहे. लॅपटॉपचा मेंदू म्हणा. आकाराने तुमच्या नखाएवढा, पण एकदा मी इतका तापलो होतो की आमच्या बाईंनी माझ्यावर शर्टाची कॉलर इस्त्री करून घेतली. कॉलर अजून कडक आहे म्हणतात.

मला वाळूपासून घडवलं. वाळूत होतो तेव्हाच मला बेरीज येत होती. कारखान्यात फक्त भागाकार शिकवावा लागला. मग लॅपटॉपात बसून मी एका दुकानाच्या काउंटरवर आलो. माझ्या डावीकडच्या लॅपटॉपात एक जाडजूड गडी होता, त्याच्या नावात भला मोठा आकडा. उजवीकडे एक सडपातळ, स्वभावाने इतका थंड की त्याला पंखाच नव्हता.

एके दिवशी गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून एक शिंपीणबाई आल्या. सोबत त्यांची भाची. तयार कपड्यांनी बाईंची गिऱ्हाइकं पळवली होती. आता एका शिवणवर्गाला घरून शिकवणारी बाई हवी होती. त्यासाठी बाही जोडण्याचा व्हिडिओ करून पाठवायचा होता. तो पसंत पडला तर काम, नाहीतर बाईंच्या शिलाईच्या दुकानाला कुलूप. भाचीला मात्र गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा होता.

"आत्या, हा मोठ्या आकड्याचा घेऊ," भाची म्हणाली.

"आकड्याला भुलू नका, पिढी बघा," दुकानदार म्हणाला. "हा फार जुन्या पिढीचा आहे."

"मग हा बारीक?" आत्याने विचारलं.

"पत्रं लिहायला छान. व्हिडिओ कापायला बसवलात की धापा टाकेल. हा मधला घ्या. स्वस्तातला आहे, पण आत सहा कोअर, म्हणजे राबणारे सहा गडी, आणि बारा थ्रेड. हलक्या गेमला वेगळं ग्राफिक्स कार्डही नको, ते याच्या पोटातच आहे."

आत्या थबकली. "थ्रेड म्हणजे दोराच ना?"

"हो... म्हणजे, तसंच काहीसं."

"आणि पुढे वाढवायला आत माया ठेवलीय का?"

"माया?" दुकानदार माझ्याकडे बघायला लागला.

"अहो, शिवणीत जादा कापड ठेवतो ना आम्ही, ती माया."

"हां, ती आहे. मेमरीची एक जागा मोकळी आहे."

"बारा दोऱ्यांची शिलाई, वर माया ठेवलेली. हाच द्या."

अशी माझी निवड झाली. आत्याचा हात कात्रीवर बसलेला, त्यामुळे व्हिडिओ कापणं तिला चटकन जमलं. मीही जीव तोडून काम केलं. इतका भरभर, की एकदा तिने शिंकायच्या आधीच मी शिंक कापून टाकली होती.

मग व्हिडिओ पाठवायचा दिवस उजाडला. पाचच्या आत तो पोचायला हवा होता. कापाकापी झाली, आता सगळे तुकडे जोडून अखंड व्हिडिओ तयार करण्याचं काम माझ्याकडे आलं. तेवढ्यात भाची आली.

"आत्या, तुझं आपोआप चाललंय ना? मग मी खेळू?"

"खेळ की. बारा दोरे आहेत. सहा तुझे, सहा माझे."

मित्रांनो, दोरे बारा असले तरी रीळ एकच, आणि ते मी. त्यात लॅपटॉप ठेवला होता कापडाच्या चिंध्यांच्या ढिगावर. पंख्याच्या नाकातोंडात चिंध्या गेल्या, वारा बंद झाला आणि मी तापून मंदावलो. इकडे शर्यतीत नेहमी शेवटी येणारी भाची आज सगळ्यांच्या पुढे, तिकडे आत्याची बाही अर्ध्यावर लोंबकळलेली.

"का गं, हे पुढे का सरकत नाही?" आत्याने घड्याळाकडे बघितलं. "पाच वाजत आले."

तेव्हा मी दातओठ खाल्ले. एका हाताने बाही जोडली, दुसऱ्या हाताने स्टिअरिंग धरलं. व्हिडिओ वेळेत पोचला, आत्याला काम मिळालं, आणि भाचीची गाडी पहिली आली. सगळं मी एकट्याने केलं.

आता घरात नवा लॅपटॉप आहे आणि मी कपाटात जुन्या बटणांच्या डब्याशेजारी पडून असतो. तक्रार नाही. एवढंच सांगतो, स्वस्तातला असला तरी आमच्यासारख्याला गादीवर, चिंध्यांवर ठेवू नका, धूळ पुसत जा, आणि ज्याने एकट्याने शर्यत जिंकून दिली त्याला...

"कुठली शर्यत?" पंखा घरघरला. "किती थापा मारशील? गाडी शेवटच्या वळणावर पुढे होती आणि पोरीने गेम बंद केला. लॅपटॉप चिंध्यांवरून उचलला आणि व्हिडिओ पोचेपर्यंत दोन्ही हातांवर धरून उभी राहिली. वर आत्याला म्हणाली, नाहीतरी मी हरतच होते."