पाळी धाकटीची

धाकटीचं म्हणणं असं, की शहाण्या माणसाने नेहमी दुसरं असावं. पहिल्याने खड्ड्यात पडावं, आपण तो खड्डा बघून बाजूने निघून जावं. हे तत्त्वज्ञान तिला काही गोल्फच्या मैदानावर सुचलं नव्हतं. लग्न होऊन घरात आली तेव्हापासून ती त्यावरच जगत आली होती, आणि तसं तिचं बरं चाललं होतं.

घरचं दुकान फोटोफ्रेमचं. पुढे काउंटर, मागे एक लांबट खोली, तिथे लाकडाचा भुसा आणि सरसाचा वास. थोरली जाऊ गिऱ्हाइकाशी बोलणार, लाकडाची पट्टी निवडणार, तिचे कोपरे तिरके कापणार. चारही कोपरे जुळून फ्रेम उभी राहिली, की मग धाकटी त्या मापाची काच कापणार. काच कापण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण काच नेहमी फ्रेमनंतर. पट्टी वाया गेली तर बोलणी थोरलीला. धाकटीच्या वाटणीला कधी बोलणी आली नाहीत, कारण माप समोर तयारच असायचं.

आता नदीपलीकडे दुसरं दुकान निघत होतं. ते धाकटीने चालवावं असं सगळ्यांचं ठरलं होतं, तिचं सोडून. तिथे पट्टीही तिनेच निवडायची, पहिला कापही तिनेच घ्यायचा. तो विषय निघाला, की ती दुसरंच काहीतरी काढायची. 'बघू', 'सांगते' करत तिने इतके दिवस काढले, की शेवटी थोरलीच म्हणाली, "अगं बाई, जागेचा मालक उद्या सकाळपर्यंतच थांबणार आहे. हो की नाही, काय ते एकदा सांगून टाक."

धाकटीने मनाशी 'नाही' पक्कं केलं होतं. फक्त गोल्फ क्लबची फायनल होऊन जाऊ दे, मग सांगू, म्हणून ती गप्प होती.

फायनल नेमकी या दोघींमध्येच होती. क्लबच्या जुन्या विजेत्यांचे फोटो वर्षानुवर्षं याच दुकानात मढवले जात. त्या बदल्यात क्लबने दोघींना मैदान मोकळं करून दिलं, आणि दुपारी दुकान बंद असतं तेवढ्या वेळात दोघी खेळायला शिकल्या. सामना मॅचप्लेचा. त्यात प्रत्येक होल म्हणजे एक वेगळं भांडण: कमी फटक्यांत चेंडू भोकात घालेल त्याचा होल, आणि जास्त होल घेईल त्याचा सामना. होल जिंकेल त्याने पुढच्या होलवर पहिला फटका मारायचा. बरोबरी झाली तर आधी मारत होता तोच पुढेही आधी मारणार.

"पहिला मारतो तो समोरच्यावर दडपण टाकतो," पंच म्हणून उभे राहिलेले दाताचे डॉक्टर म्हणाले.

"दडपण टाकतो की खड्डा दाखवतो?" धाकटीने विचारलं. डॉक्टरांनी रुग्णाचं ऐकावं तसं ते ऐकून सोडून दिलं.

नाणेफेकीत पहिला फटका थोरलीकडे गेला आणि धाकटीचा जीव भांड्यात पडला. मग दिवसभर तेच चाललं. थोरलीचा चेंडू उडायचा, वारा त्याला कुठे नेतो ते धाकटी डोळे बारीक करून बघायची, आणि तसा क्लब, म्हणजे मारायची काठी, पिशवीतून काढायची. बहुतेक होल बरोबरीत सुटत होते. एक तेवढा थोरलीने घेतला.

मधे एका होलवर मात्र गंमत झाली. गंमत कसली, गाढवपणाच. धाकटीचा चेंडू भोकापासून वीतभर अंतरावर होता. नुसता ढकलायचा, की होल तिचा. पण होल तिचा, म्हणजे पुढचा पहिला फटकाही तिचाच. तिने चेंडूला इतका हलका हात लावला, की तो भोकाच्या काठाशी येऊन थांबला. पुन्हा बरोबरी. लोक हळहळले. थोरलीने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं आणि ती पुढे चालू लागली.

शेवटून दुसऱ्या होलवर मात्र थोरलीचाच चेंडू भोकाच्या कडेने फिरून बाहेर आला. धाकटीचा आधीच आत होता. होल धाकटीचा, सामना बरोबरीत, आणि नको असलेली पहिली पाळी अखेर गळ्यात.

शेवटचा होल आखूड, पण मधे तळं. एका फटक्यात तळं ओलांडून पलीकडच्या हिरवळीवर पडायचं. धाकटीने पिशवीत उगाच शोधाशोध केली. स्वच्छ चेंडू पुसला. बांधलेली नाडी सोडून पुन्हा बांधली. इकडे थोरलीला दिवसभराची सवय, आणि घरातली तर किती वर्षांची. ती सरळ पुढे झाली, चेंडू ठेवला आणि मारला. चेंडू झकास उडाला, वाऱ्याने त्याला मधेच धरलं आणि तळ्यात टाकलं.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "पाळी धाकटीची होती."

थोरलीचा चेहरा लाल झाला. "अगं, लक्षातच आलं नाही माझ्या. हात आपोआप गेला."

"नियम असा आहे," डॉक्टर धाकटीकडे वळले. "तुम्ही हा फटका राहू देऊ शकता किंवा रद्द करू शकता. रद्द केलात तर आधी तुम्ही मारायचं आणि यांना पुन्हा संधी मिळणार. काय ते आत्ताच सांगा."

"राहू दे, राहू दे," दोरीमागून धाकटीचा नवरा कुजबुजला. त्याची कुजबुज मैदानभर ऐकू गेली.

त्याचं काय चुकलं होतं? थोरली पाण्यात. आपण जपून मारायचं, की कप आपला. धाकटीचं सगळं तत्त्वज्ञान तिला हेच सांगत होतं. पण तिला तो काठाशी थांबवलेला चेंडू आठवला आणि स्वतःचाच भयंकर राग आला. आज अशी जिंकले तर उद्या 'नाही' म्हणेन, आणि जन्मभर दुसऱ्याच्या मापाची काच कापत बसेन, हे तिला स्वच्छ दिसलं. तिला तळ्यापेक्षा त्याची भीती जास्त वाटली.

"रद्द करा," ती म्हणाली. "माझी पाळी आहे. मी आधी मारते."

"नक्की?"

"डॉक्टर, आता उपटून टाका एकदाचं."

या बोलाचालीत वारा पार पडला होता, त्यामुळे थोरलीच्या चेंडूने शिकवलेलं काहीच कामाचं उरलं नव्हतं. धाकटी पिशवीपाशी गेली. कुणाचं बघून क्लब निवडावा, तर समोर कुणीच नव्हतं. तिने आपल्या मनाने एक काढला आणि मारला. चेंडू तळ्यावरून गेला, हिरवळीवर टेकला आणि घरंगळत मागच्या कडेला जाऊन थांबला. भोकातल्या झेंड्यापासून बराच लांब, पण कोरडा. धाकटी आनंदाने चक्क ओरडली.

थोरलीने ते सगळं पाहिलं, हातातला क्लब पिशवीत टाकला, त्याहून हलका, कमी पल्ल्याचा घेतला आणि चेंडू झेंड्याच्या पायाशी नेऊन ठेवला. धाकटीला तिथून दोन फटके लागले, थोरलीला एक. कप थोरलीचा.

नवऱ्याने कपाळावर हात मारला. थोरली मात्र तरातरा आली आणि धाकटीचे दोन्ही खांदे धरून हसत सुटली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अगं, तुझा चेंडू लांब गेला म्हणून मी हलका क्लब घेतला. बस, एवढंच केलं! दुसरं असणं इतकं सोपं असतं होय गं? आणि मी मेली दर वेळी पहिला काप घेताना घामाघूम होते."

"तुम्ही?" धाकटीचा विश्वास बसेना. "ताई, तुमचे हात तर कधी हलत नाहीत."

"तू मागे उभी असतेस ना. तुला कशाला घाबरवू?"

"मग पहिला काप घेताच कशाला?"

"कुणीतरी घ्यायला नको? पट्टी काय आपोआप कापली जाते?"

धाकटीने आपला क्लब पुसून पिशवीत टाकला. क्लबच्या भिंतीवर आता थोरलीचा फोटो लागणार होता, आणि तो अर्थातच मढवायला लागणार होता.

"तुमच्या फोटोची फ्रेम मी करणार," ती म्हणाली. "पट्टी मी निवडणार. नव्या दुकानातलं पहिलं काम तेच. जागेची किल्ली उद्या सकाळी मीच जाऊन घेते."

डॉक्टरांनी पुढे केलेला कप थोरलीने हातात घेतला. "आणि काच?"

"काच कापायला तुम्ही या," धाकटी म्हणाली. "माप मी देईन."