अठ्ठेचाळीसनंतर पासष्ट

मित्रांनो, मी उपनिषदांची एक जुनी पोथी आहे. खरं तर पुठ्ठ्याचं बांधीव पुस्तकच, पण घरात सगळे पोथी म्हणतात, म्हणून मीही ते नाव अंगाला लावून घेतलं. माझ्या पोटात ऋषींचं बोलणं आहे. वर मूळ आणि खाली साध्या भाषेत अर्थ. शरीर झिजतं, पण आतला खरा 'मी' झिजत नाही, आणि तोच साऱ्या जगाच्या मुळाशी आहे, असं मी पानोपानी सांगते. आणि माझ्याइतकी भित्री पोथी शोधून सापडायची नाही! कपाटात झुरळ फिरलं तरी माझी पानं शहारतात. कोणी शेजारी चहाचा कप ठेवला की मी सगळे ऋषी विसरते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात ना? पाषाण निदान कोरडा तरी असतो. मला ओलीचीच धास्ती.

माझा जन्म एका बाइंडिंगच्या कारखान्यात झाला. छापलेल्या मोठ्या कागदाला घड्या घातल्या की सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात. लांबलचक टेबलावर फर्म्यांचे गठ्ठे ओळीने मांडलेले असत. बायका टेबलाभोवती फिरत एकेका गठ्ठ्यातून एकेक फर्मा उचलत आणि टोकाला पोचेपर्यंत पुस्तक तयार होई. त्या दिवशी एका मावशीने चिकटवायची खळ सांडली म्हणून गठ्ठे उचलून टेबल पुसलं. तोंडाने जावेच्या कागाळ्या चालू होत्या. पुसून झाल्यावर चौथा गठ्ठा पाचव्याच्या जागी आणि पाचवा चौथ्याच्या जागी ठेवला गेला. मुकादमाच्या ध्यानात येईपर्यंत मी शिवून तयारसुद्धा झाले होते.

माझ्या अठ्ठेचाळिसाव्या पानावर एक शिष्य गुरूला विचारतो, 'डोळे मिटले तरी आत जागं असतं, ते कोण?' उत्तर एकोणपन्नासाव्या पानावर आहे. माझ्यात मात्र अठ्ठेचाळीसच्या समोर पासष्टावं पान आलं. पासष्ट ते ऐंशी, मग एकोणपन्नास ते चौसष्ट, आणि मग कुठे गाडी रुळावर. दोन गिऱ्हाइकांनी मला दुकानात परत आणून दिलं. तेव्हापासून कोणी उघडलं की माझा जीव अठ्ठेचाळिसाव्या पानाशी अडकायचा. आता हा चिडणार. आता परत जावं लागणार.

तिसऱ्या वेळी मला घेतलं एका घड्याळजीने. केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरणारा माणूस. त्याच्या नजरेतून चूक सुटणं शक्यच नव्हतं. त्याने पानाचा आकडा पाहिला, पुढची पानं चाळली, पुन्हा मागे आला. मी श्वास रोखून बसले. तो नुसता हसला आणि वाचत राहिला.

मग कित्येक वर्षं, रोज दुपारी दुकानाचं दार अर्धं लोटून तो मला वाचत असे. भिंतीवरची सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवत टिकटिकत असत. एकदा त्याची लहानगी लेक मांडीवर येऊन बसली. तिने आकड्यांवर बोट ठेवलं आणि ओरडली, "नाना, तुमची पोथी चुकलीय!"

"माहीत आहे."

"मग बदलून आणा ना!"

"अगं, विचारल्या विचारल्या उत्तर हातात पडलं की माणूस ते खिशात टाकतो आणि विसरतो. मला सोळा पानं विचार करायला मिळतात."

"मला नाही आवडत थांबायला."

"ते तुझ्या आईलाही ठाऊक आहे," नाना म्हणाले.

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण परत जाणार नाही.

पण सुखाला दृष्ट लागतेच. इथे तर दृष्टीलाच लागली. नानांना काचबिंदू झाला. एक डोळा गेलाच होता, दुसऱ्याला कडेने अंधार चढत होता. दुकान बंद झालं. मला ते नाकाला लावून वाचू लागले. माझीही शिवण सुटली होती. पान उलटलं की दोन खाली पडत, आणि ते जमिनीवर चाचपडत शोधत. मला मेल्याहून मेल्यासारखं होई. डॉक्टरांनी गुरुवारी ऑपरेशन ठरवलं आणि स्पष्ट सांगितलं, "प्रयत्न करू. अक्षर दिसेलच असं वचन देत नाही."

"मग बुधवारी मला एकदा तो प्रश्न, मधली सोळा पानं आणि उत्तर वाचायचंय," नाना म्हणाले. "माझ्या डोळ्यांनी."

लेक आता औषधांच्या दुकानात काम करते. तिने सोमवारीच मला बाइंडरकडे नेलं. "काका, बुधवारी पाचला पाहिजे. सहाला नाही."

"पाच म्हणजे पाच. मी काय शिंपी आहे?" बाइंडर म्हणाला.

ती गेली. त्याने माझा पुठ्ठा उचकटला, दोरा कापला. फर्मे सुटे झाले आणि मी मीच राहिले नाही. आतल्या न झिजणाऱ्याची आठवण काढायचा मी पुष्कळ प्रयत्न केला, पण कोपऱ्यातल्या कापायच्या यंत्राचं पातं दिसत होतं. कडा सरळ करताना यानं अक्षरंच कापली तर? खळीला उंदीर आले तर? तेवढ्यात बाइंडरने आकडे पाहिले आणि कपाळावर हात मारला. "अरेरे! इतकी वर्षं चूक पोटात घेऊन फिरतेय बिचारी!"

नको रे बाबा, मला ओरडायचं होतं. तशीच राहू दे! पण पोथीला वाचा असते ती दुसऱ्याच्या तोंडात. त्याने चौथा फर्मा चौथ्या जागी ठेवला, पाचवा पाचव्या जागी, आणि फर्मे एकमेकांत ओवणारी पक्की जुजबंदीची शिलाई घातली.

बुधवारी पाचला लेकीने मला उघडून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "काका, हे काय केलंत? अठ्ठेचाळीसनंतर पासष्ट होतं!"

"होतं ना! लावलं मी सरळ. वेगळे पैसे नकोत."

"सरळ कोणी सांगितलं होतं? ती चूक आमची होती!"

"बाई, चूक कधी कोणाची असते होय? उलटं शिवायचं तर परत उसवावं लागेल. शुक्रवार उजाडेल."

ती मला छातीशी धरून घरी आली. तिचं काळीज धडधडत होतं, माझी नवी खळ अजून ओली होती. आम्ही दोघी सारख्याच घाबरलेल्या.

नानांनी मला खिडकीशी नेलं. अठ्ठेचाळिसावं पान. प्रश्न वाचला. नजर सवयीने उजवीकडे गेली आणि थबकली.

"नाना, मी त्याला सांगितलं नव्हतं," लेक रडवेली झाली. "तुमची पोथी बिघडवली त्याने."

नानांनी पानाच्या आकड्यावरून बोट फिरवलं. मग खुदकन हसले. "बिघडवली कसली? दुरुस्त केली! मीही जन्मभर लोकांची मुद्दाम पुढे ठेवलेली घड्याळं न विचारता बरोबर लावून दिली. किती जणांच्या गाड्या चुकल्या असतील!"

उत्तर दिसू नये म्हणून त्यांनी एकोणपन्नासाव्या पानावर एक कोरा कागद ठेवला, त्यावर पिन लावली आणि पासष्टावं पान उघडलं. एकेक ओळ डोळ्याशी धरून ते वाचत गेले. डोळ्यातून पाणी गळत होतं, ते बाहीला टिपत होते, माझ्यावर एक थेंब पडू दिला नाही. जिला थांबणं आवडत नाही ती लेक शेजारी हात बांधून बसली होती. मध्ये एकदाही 'मी वाचू का' म्हणाली नाही. ऐंशीवं पान संपलं तेव्हा उजेडही संपत आला होता.

नानांनी मागे येऊन पिन काढली. कागद उचलला. बराच वेळ पाहिलं.

"नाही दिसत गं आता," ते म्हणाले. "उत्तर तू वाच."

तिने वाचलं. नाना डोळे मिटून ऐकत होते, आणि आत कोणीतरी चांगलंच जागं होतं.

ऑपरेशनने खिडकीचा उजेड तेवढा वाचवला, माझी अक्षरं वाचवता आली नाहीत. आता लेक कामावरून आली की मला वाचते. तिला उशीर झाला की मी धास्तावते. ती आजारी पडली तर? कंटाळली तर? भीती काही गेली नाही मित्रांनो, खोटं कशाला सांगू? पण ती येते, अठ्ठेचाळीस वाचते, उजवं पान तळहाताने झाकते आणि पासष्टाकडे जाते. घाई तिच्या बोटांत दिसते, तरी जाते.

तुमच्याही घरात माझी एखादी बहीण असेल. तिला ओलीपासून जपा, तिची शिवण सुटली तर बांधून घ्या, आणि बांधणाऱ्याला आधी नीट सांगा. पण कपाटात पूजेतल्या देवासारखी कोंडू नका. आम्हाला वाळवीपेक्षा न उघडण्याची भीती जास्त. एकोणपन्नासाव्या पानावर काय लिहिलंय, ते मात्र मी इथे सांगणार नाही. त्यासाठी कोणाजवळ तरी बसा, उघडा, आणि वाचायला सुरुवात करा.